बंड्या, मीठ ठेव खाली

भज्यांच्या ताटलीतलं मीठ चिमटीत धरून बंड्या उठला आणि नित्याने त्याचं मनगट पकडलं. कट्ट्याच्या ओल्या चिऱ्यावरून बिनशंखाची गोगलगाय चालली होती. बोटभर लांब, काळपट, पाठीवर मधोमध फिकट रेघ.

"घाण जात! मरू दे की."

"मीठ टाकलं की अंगातलं पाणी ओढलं जाऊन तडफडत मरते ती. तुझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर चोळू का?"

बंड्याचं एकच पालुपद : जनावर म्हणजे पाल. छताला उलटी धावते, डास खाते, शेपूट तोडून निसटते. "ही काय? चालता शेंबूड!" बोलताना त्याचे हात असे उडतात की शेजाऱ्याचा चहा सांडतो. पक्याचा सांडलाच.

"पालीला मीही मानतो," नित्या म्हणाला. "पावलांखाली लाखो केस, टोकं शेकड्यांनी फाटलेली. भिंतीला इतकी भिडतात की रेणूच रेणूला ओढतो. एकेका केसाची पकड २००० साली मोजलीय. पण ओल्या काचेवर ती पकड सुटते, बंड्या. गोगलगाय ओल्यातच चिकटते. युरोपातल्या अशाच एकीच्या चिकावरून हार्वर्डवाल्यांनी २०१७ साली गोंद बनवला, रक्ताळलेल्या डुकराच्या हृदयालाही चिकटला. तुझा शेंबूड तो हाच."

"आणि माझी मिरचीची रोपं खाल्ली ती?"

"गेल्या वर्षी माझी झेंडूची रोपं नेलीस, ती कोणी खाल्ली?" पक्या कपडे पुसत म्हणाला. "पाणी कोण घालणार होतं?"

बंड्या नित्यावर घसरला. "तू पण तसलाच. गोगलगाय नि पोटात पाय! भिशीच्या वेळी बघितलंय."

"पोटच पाय आहे तिचा. उघड्यावर चालते त्यावर, लपवते कुठे?"

मी वाकून बघत होतो. वरच्या दोन शिंगांच्या टोकांना डोळे. माझ्या बोटाची सावली पडली तशी आखडली, मग सावकाश पुन्हा बाहेर आली. एवढ्या जिवावर मीठ टाकायला हात होतोच कसा, मला कळत नाही. रोपं वाचवायची तर रात्री बॅटरी घेऊन वेचावी आणि लांब सोडावी, आमच्याकडे आई तेच करते.

तेवढ्यात टपरीच्या पत्र्यावरून पाल थेट बंड्याच्या खांद्यावर पडली. "कृष्ण कृष्ण!" ओरडत पालीचा वकील बाकावर चढला आणि चिमटीतलं सगळं मीठ पक्याच्या दुसऱ्या चहात.

"आता चहा तूच पाजणार," पक्या म्हणाला, "आणि झेंडूचे पैसेही."