‘वॉरगेम्स’ : मोडेम चुकला, पासवर्ड नाही

सर, तुमच्या प्रतिक्रियेला खाली चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून ही वेगळी नोंद.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८३चा ‘वॉरगेम्स’ म्हणजे डेव्हिड नावाच्या शाळकरी पोराची गोष्ट : नवे गेम शोधत तो घरच्या संगणकावरून, फोनच्या तारेतून, नकळत अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्राच्या, म्हणजे नोराडच्या, संगणकात शिरतो, आणि तो संगणक अणुयुद्धाचा खेळ खरा समजून क्षेपणास्त्रं सोडायचा कोड शोधू लागतो. या चित्रपटाबद्दल मी लिहिलं होतं की हॅकिंगवर इतका प्रामाणिक चित्रपट आजही सापडणं कठीण. सरांची उमेदीची वर्षं मोडेम (संगणकाला फोनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारं यंत्र) आणि टर्मिनलच्या सहवासात गेली आहेत, आणि त्यांना हे वाक्य चांगलंच झोंबलं. त्यांचं म्हणणं असं : रिसीव्हर पाळण्यात ठेवायचा मोडेम स्वतःहून नंबर लावूच शकत नाही, क्षेपणास्त्रांचा कोड एकेक अक्षर करून सापडतो हा पोरखेळ आहे, १९८३ साली डेव्हिडकडे आहे तसलं जुनाट मशीन घरात कोण ठेवत होतं, संगणक बोलतो कसा, फुलीगोळा खेळून अणुयुद्ध टळतं ही बालवाडी झाली, आणि मुख्य म्हणजे या चित्रपटाने चोरांना हिरो केलं. ‘असल्या भंपकपणाला प्रामाणिक म्हणताना जरा विचार करायचा,’ असा शेवट.

विचार करूनच म्हटलं होतं. आता जरा सविस्तर सांगतो.

आधी मोडेम. तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेत टेलिफोन कंपनी आपल्या तारेला दुसऱ्या कुणाचं यंत्र जोडू देत नसे. १९६८ साली कार्टरफोन नावाच्या यंत्राबद्दल निकाल लागला, त्यानंतर ती पकड सैल होत गेली. तोवर यावर काढलेली पळवाट म्हणजे हा पाळणा : तारेला हात लावायचा नाही, रिसीव्हर दोन रबरी कपांत दाबून बसवायचा आणि यंत्राने आवाजातून बोलायचं. साहजिकच नंबर माणसानेच फिरवायचा, पलीकडून शिट्टी आली की रिसीव्हर पाळण्यात. अशा यंत्राने रात्रभर आपोआप नंबर लावत बसणं अशक्यच. पण १९८१ पासून हेस कंपनीचा स्मार्टमोडेम दुकानात मिळत होता. तो थेट तारेला जोडला जाई आणि संगणकाच्या हुकमावर स्वतः नंबर लावी. म्हणजे डेव्हिड जे करतो ते १९८३ साली घरबसल्या करता येत होतं, फक्त पडद्यावर दिसतं त्या डब्यातून नाही. दिग्दर्शक जॉन बॅडमने पाळणा का ठेवला हे उघड आहे. फोन उचलून यंत्राच्या कुशीत ठेवला की संगणकाचा स ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही कळतं, हे यंत्र फोनवर बोलतंय.

गंमत पुढेच आहे. १९८४ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात संगणक-गुन्ह्यांचा कायदा येत होता, तेव्हा समितीच्या अहवालात या चित्रपटाचा नाव घेऊन उल्लेख झाला. घरगुती संगणक आपोआप नंबर लावून कुठवर पोचू शकतो याचं वास्तव चित्रण म्हणून! तुम्ही ज्यावर बोट ठेवलंत नेमकं त्याचंच कौतुक.

वेगाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत याचं मात्र नवल वाटलं. ३०० बॉडच्या मोडेमवर सेकंदाला ३० अक्षरं येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे एक पडदा भरायला मिनिटाहून जास्त. चित्रपटात मजकूर झरझर येतो, कारण खरा वेग दाखवला असता तर थिएटर मध्यंतराआधीच रिकामं झालं असतं. पण नंबर शोधण्याचं काम किती कंटाळवाणं आहे हे मात्र त्यांनी लपवलेलं नाही. एका एक्स्चेंजचे दहा हजार नंबर, प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तरी साडेतीन दिवस होतात. डेव्हिड यंत्र लावून देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. सिअॅटलहून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला इतके फोन म्हणजे खर्च किती, असं त्याची मैत्रीण जेनिफर विचारतेच, आणि तो सांगतो की त्यावरही उपाय असतात. (एसटीडी बूथच्या मीटरवर डोळा ठेवून बोललेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो.)

कोडचं बघू. दहा जागा, प्रत्येक जागी अक्षर किंवा अंक, म्हणजे ३६चा दहावा घात. साडेतीन हजार लाख कोटींच्या वर. पण एकेक जागा सुटी सुटी सापडू लागली तर फार तर ३६० प्रयत्नांत काम फत्ते. चित्रपटात ती सुटी सापडते, म्हणून तुम्ही हसता. चांगल्या कुलपाने किल्लीचा एक दात बरोबर आहे हे सांगायचंच नसतं, हे मान्य. पण सर, सत्तरच्या दशकात टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बरोबर हेच भोक निघालं होतं. ती पासवर्ड एकेक अक्षर तपासायची आणि पहिलं अक्षर चुकलं की तिथेच थांबायची. मेमरी ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे ‘पानां’त, विभागलेली असते; पासवर्ड तिथे असा ठेवायचा की पहिलं अक्षर एका पानाच्या टोकाला आणि उरलेला पुढच्या पानावर. पुढचं पान मागवलं गेलं तर समजायचं, पहिलं अक्षर जमलं. मग एक घर सरकायचं. पटकथा लिहिणाऱ्या लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स यांच्या डोक्यात टेनेक्स होतं असं मी म्हणत नाही. त्यांना घड्याळाची टिकटिक हवी होती. पण ज्या गोष्टीला तुम्ही पोरखेळ म्हणता ती खऱ्या यंत्रावर घडून गेली आहे.

आता माझा मूळ मुद्दा. प्रामाणिक म्हणालो ते यंत्रांबद्दल नव्हेच, कुलपं लावणाऱ्या माणसांबद्दल म्हणालो. शाळेतला प्रसंग आठवा. वर्गात आगाऊपणा केला म्हणून डेव्हिडला ऑफिसात पाठवतात. शिक्षा व्हायची वाट बघत तो बसतो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून टेबलाची सरकती फळी बाहेर ओढतो. तिथे कागद चिकटवलेला. एकाखाली एक पासवर्ड, जुने खोडलेले, शेवटचा तेवढा शाबूत : ‘पेन्सिल’. म्हणजे शाळा नियमाने पासवर्ड बदलते आहे! आणि बदललेला पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून नियमाने लिहूनही ठेवते आहे. संध्याकाळी हा पोरगा घरून शाळेच्या संगणकात शिरून मार्क बदलतो. त्यात कुठलीही चमत्कारिक विद्या नाही, दरदरून घाम आणणारं टायपिंग नाही. पुढच्या चाळीस वर्षांतल्या हॅकर-पटांत हिरवी अक्षरं कितीही पावसासारखी पडली तरी त्या फळीइतकं खरं फारसं काही कुणी दाखवलेलं नाही.

हे हवेत बोलत नाही. १९७९ साली बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यांतले २,८३१, म्हणजे शंभरातले ८६, सहज सापडण्याजोगे निघाले. पंधरा तर एकाच अक्षराचे. आणि हे शाळेतले क्लार्क नव्हेत, संगणकावरच काम करणारी मंडळी.

मग मागचं दार. डेव्हिडला ज्या यंत्रात शिरायचंय ते संरक्षण खात्याचं आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. तो दोन ओळखीच्या संगणकवाल्यांकडे जातो. एकजण सांगतो की प्रणाली बनवणारा स्वतःसाठी गुपचूप एक वाट ठेवत असतो. दुसरा चिडतो, की ही आपली गुपितं पोरांपुढे काय उघडी करतोस. तो अर्ध्या मिनिटाचा वाद मला अख्ख्या चित्रपटात सर्वांत आवडतो. त्यानंतर डेव्हिड ग्रंथालयात बसून ते यंत्र घडवणाऱ्या फाल्केन नावाच्या शास्त्रज्ञाची कात्रणं वाचत राहतो आणि त्याच्या गेलेल्या मुलाच्या नावापाशी पोचतो : जोशुआ. दार उघडतं. यंत्र फोडलं गेलं नाही. एका बापाच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधला गेला.

पण इतक्या गुप्त यंत्राला मुळात बाहेरची फोनलाइन असेलच कशी, ही शंका लेखकांनाही आली होती. त्यांनी ती रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या विलिस वेअर यांना विचारली. वेअर म्हणजे १९६७ सालीच, एका संगणकावर अनेकजण दुरून काम करू लागले की गुप्तता कशी धोक्यात येते, हे लिहून ठेवणारा माणूस. त्यांचं उत्तर साधं होतं : यंत्र कागदावर बंद असतं, पण अधिकाऱ्यांना सुटीच्या दिवशी घरून काम करायचं असतं, म्हणून एखादी वाट उघडी ठेवलेली असते. आज हे वाचताना हसू येतं की नाही सांगा.

अध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट जून १९८३मध्ये कॅम्प डेव्हिडला पाहिला आणि काही दिवसांनी सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? व्हेसींनी चौकशी करून कळवलं की परिस्थिती त्याहून वाईट आहे. सप्टेंबर १९८४मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेबाबत पहिला मोठा अध्यक्षीय आदेश निघाला, त्याचा उगम या प्रश्नात आहे. पाळण्यातल्या मोडेमवरून व्हेसींनी हा चित्रपट मोडीत काढला असता तर?

चोरांना हिरो केल्याचा आरोप मी हलक्यात घेत नाही, कारण तो करणारे तुम्ही एकटे नाही. १९८३च्या उन्हाळ्यात मिलवॉकीच्या काही मुलांचं प्रकरण गाजलं. वयं १६ ते २२, गावच्या एरिया कोडवरून टोळीचं नाव ४१४. लॉस अलामोसची अण्वस्त्र-प्रयोगशाळा, न्यूयॉर्कचं स्लोन-केटरिंग कॅन्सर रुग्णालय, एक बँक, सगळीकडे शिरलेली. कसं? यंत्र कारखान्यातून आलं तेव्हाचा पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. पत्रकारांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पासवर्ड तपासणाऱ्या त्याच केन थॉम्प्सननी संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात यावर ताशेरे ओढले. हे कमीत कमी नासधूस आणि बहुधा घुसखोरी न् चोरीच आहे, वर्तमानपत्रं आणि चित्रपट मात्र यांना बालप्रतिभावंत म्हणतात, असा त्यांचा सूर. आणि त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिलं की कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) मागचं दार असं लपवता येतं, की मूळ प्रोग्राम वाचूनही ते दिसणार नाही. म्हणजे तुमची तक्रार आणि माझं म्हणणं, दोन्ही एकाच व्यासपीठावर.

तरीही चित्रपटावर हे बालंट मला पुरतं पटत नाही. ४१४ची घुसखोरी चित्रपट लागायच्या आधीपासूनची. आणि डेव्हिड निष्पाप म्हणून आपल्यापुढे येतच नाही. तो मार्क बदलतो ते जेनिफरपुढे भाव खायला. ती आधी रागावते, आणि दुसऱ्या दिवशी तीच मार्क बदलून मागायला येते. टीव्हीवर बातमी बघून आपण काय करून बसलो हे कळल्यावर तो पुरावे कचऱ्यात टाकतो, तर यंत्रच उलटा फोन करतं. मौजेला असं कोंडीत पकडणं याला मी उदात्तीकरण म्हणणार नाही.

डेव्हिडच्या मशीनबद्दल दोनच शब्द. ते इमसाई ८०८०, सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचं, पुढे खटके आणि लाल दिवे. कंपनीच १९७९मध्ये बुडाली होती. १९८३मध्ये दुकानात कमोडोर ६४सारखा नवा घरगुती संगणक मिळत असताना हे घरात असणं जुनाट, हे खरं. पण मला तेच पटतं : हौशी पोराच्या खोलीत असंच कुठून तरी आलेलं, जोडजाड केलेलं मशीन असायचं.

शेवटाबद्दल आपलं जमणार नाही असं दिसतंय. फुलीगोळा दोघांनी नीट खेळला तर बरोबरीतच सुटतो, आणि यंत्राने खेळत खेळत शिकणं ही १९८३ची कल्पना नव्हेच. डोनाल्ड मिची यांनी १९६१च्या सुमारास ३०४ काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुलीगोळा शिकणारी व्यवस्था उभी केली होती. तिथून अणुयुद्धाच्या निरर्थकतेवर उडी मारणं ही बोधकथा आहे, विज्ञान नव्हे, एवढं मीही म्हणतो. पण यंत्रातला खेळ खरा समजून माणसं धावपळ करतात हा भाग? ९ नोव्हेंबर १९७९ला नोराडच्या पडद्यांवर सोव्हिएत हल्ला दिसला, विमानं उडाली, आणि नंतर कळलं की सरावाचा डेटा चालू यंत्रणेत शिरला होता. ३ जून १९८०ला पुन्हा तेच, या वेळी कारण ४६ सेंटची एक बिघडलेली चिप. बरोबर तीन वर्षांनी, ३ जूनलाच, ‘वॉरगेम्स’ प्रदर्शित झाला.

राहिला संगणकाचा आवाज. डेव्हिडच्या खोलीत निदान एक स्पीकरचा डबा तरी आहे, पण तोच आवाज कोलोरॅडोच्या डोंगराखाली नोराडमध्ये कुठून येतो, याला उत्तर नाही. तिथे मी तुमच्या बाजूने.