दोन वर्षं थांबू नका
सेरेब्रल पाल्सीचं (बाळाच्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणाऱ्या दोषाचं) निदान दीड-दोन वर्षांनंतरच होतं, हे एका लेखात वाचलेलं विधान आता जुनं झालंय. बाळाच्या हालचाली पाहून हा धोका ओळखण्याच्या, डॉ. हाइन्झ प्रेख्टल यांच्या पद्धतीत बाळाला कुठलंही यंत्र लावत नाहीत. बाळ जागं, शांत, उताणं. हातात खुळखुळा नाही, आईने बोलायचं नाही. काही मिनिटांचा व्हिडिओ, बस. ३ ते ५ महिन्यांच्या बाळाच्या मानेत, खांद्यांत, मनगटांत, घोट्यांत बारीक, गोलसर चुळबुळ सतत चालू असते. ती नसेल तर धोक्याची खूण. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय जन्मापासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं, हे हमखास विसरलं जातं.) २०१७ च्या 'जामा पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात या तपासणीची संवेदनशीलता (म्हणजे खरोखर आजार असलेली किती बाळं ती पकडते) ९८ टक्के दिलीय. जोडीला एमआरआय हवाच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दीड वर्षाची पोरं येतात, एक मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. सहाव्या महिन्यापासून एकाच हाताने खेळणं ओढतोय, हे आईने तेव्हाच सांगितलेलं असतं, पण घरचे 'डावखुरा असेल' म्हणून सोडून देतात. अहो, वर्षाच्या आत डावा-उजवा ठरत नसतो! एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाला तिसऱ्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवाच, आणि हालचालींची तपासणी स्वतःहून मागा.