‘चार बोल्ट आवळायला दोन तास’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

सायकलला एअरोबार (हँडलबारवर पुढे बसवायचा, कोपरं टेकवून वाकून चालवण्यासाठीचा दांडा) लावण्यात तुमची शनिवारची संध्याकाळ गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनवर मी ‘पाऊण तासात होईल’ म्हणालो आणि दोन तास लागले, ही चूक माझीच. सायकल न बघता वेळ सांगायला नको होती.

पण ‘चार बोल्ट आवळायला दोन तास आणि ९५० रुपये, तरी आठवड्यात एअरोबार हलायला लागला, मानही धरली’ हे तुम्ही लिहिलंत ते फार लागलं. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत २०१५ मध्ये पूर्ण करणाऱ्या महाजन बंधूंचं हे नाशिक. इथले सायकलवाले चिकित्सक आहेत, रिव्ह्यू वाचूनच दुकान ठरवतात. म्हणून दोन तास कशात गेले ते लिहितो.

तुमचा हँडलबार मध्यभागी ३१.८ मिलिमीटर, एअरोबारचे ऑनलाइन आणलेले क्लॅम्पही (बारला धरणाऱ्या पकडी) त्याच मापाचे. एवढं जुळलं म्हणजे झालं असं वाटतं, पण बार पुढे निमुळता होतो. व्हर्नियर लावून दाखवलं होतं: स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या मधल्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना सरळ गोल भाग जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. त्यात उजवीकडे सायकल-कॉम्प्युटरचा (वेग-अंतर दाखवणाऱ्या यंत्राचा) माउंट, डावीकडे लाइट, आणि बारटेप तिथपर्यंत चढलेली. क्लॅम्प टेपवर किंवा निमुळत्या भागावर बसवला तर तो एका कडेलाच धरतो. कितीही आवळा, खड्ड्यात अंगाचं वजन कोपरावर आलं की खाली फिरणारच. आणि त्या वेळी हात ब्रेकवर नसतात सर.

म्हणून माउंट आणि लाइट काढले, दोन्हीकडची टेप उलगडली, बार पुसून कोरडा केला, मग क्लॅम्प लावले. टेप जुनी होती, उलगडताना फाटली. नवीन टेपचे ४५० तुम्हाला विचारूनच लावले, उरलेले ५०० फिटिंगचे.

खरा वेळ गेला तो पुढे. आर्म पॅड कोपराच्या हाडाखाली नको, हाडाच्या थोडं पुढे हवा, आणि कोपर खांद्याच्या खाली किंवा जरासं पुढे. रोड बाइकला आखूड एक्स्टेन्शन (एअरोबारचा पुढे जाणारा, हाताने धरायचा भाग) बरं पडतं असं मी आधीच म्हटलं होतं. तुमचं लांब होतं, त्यामुळे अंग ताणलं जात होतं. ते मागे घेतलं, पॅडखाली स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) टाकले, सीट दीड सेंटीमीटर पुढे आणि त्या मानाने किंचित वर घेतली. हे ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) बसवून चार वेळा बघावं लागलं, कारण तुम्ही जीन्स आणि सँडलवर आला होतात. सँडलचा तळ जाड, त्यावर सीटची उंची खरी कळत नाही. मध्ये दोनदा फोनवर बोलायला बाहेरही गेलात. तक्रार म्हणून नाही, वेळेचा हिशोब म्हणून सांगतोय.

आता हलण्याबद्दल. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) ५ न्यूटन मीटरला आवळला, क्लॅम्पवर तेवढंच छापलंय. मग बोल्ट आणि क्लॅम्पवर मिळून पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढली. तुम्ही टाकलेल्या फोटोत उजव्या क्लॅम्पच्या आतल्या बोल्टवरची रेघ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकलेली दिसते. बोल्ट आपोआप ढिला झाला असता तर ती उलट दिशेला गेली असती. म्हणजे नंतर कोणीतरी साध्या ॲलन कीने जोर लावलाय. असं केलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात, बोल्ट नुसता फिरतो, धरत नाही. फोटोत एक्स्टेन्शनही पुढे ओढलेलं आहे आणि स्पेसर नाहीत. मान धरते ती यानेच.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर दाखवायला आणा, हे बिलावर लिहून दिलं होतं. त्र्यंबकच्या दोन फेऱ्यांत तेवढे होतात. आणला असता तर तिथेच लक्षात आलं असतं.

यापुढे सायकल बघितल्याशिवाय वेळ सांगणार नाही. शनिवारच्या गर्दीचंही काहीतरी करतो. तुम्ही मंगळवार ते शुक्रवार कधीही या, आटे तपासून सगळं परत बसवून देतो, मजुरी घेणार नाही. तोपर्यंत कृपया त्या एअरोबारवर भार टाकून चालवू नका. येताना सायकलिंगचे बूट तेवढे आणा.