हस्की घेताय? आधी सांगा, दिवसभर घरी कोण असतं

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर हस्की जातीचा कुत्रा आलाय. वन बीएचके, नवरा-बायको दोघंही साडेआठची लोकल पकडणारे आणि परत यायला रात्रीचे आठ. तो बिचारा दिवसभर गळा काढून रडतो, खाली भाजीवाल्याकडे उभी असले तरी ऐकू येतं, पोटात तुटतं हो.

सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला पिढ्यानपिढ्या घडवलेली ही जात. 1925 मधे अलास्कात नोम गावाला घटसर्पाचं औषध अशाच कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने पोचवलं, हजार किलोमीटरच्या वर! त्या पायांना आपण दहा बाय बाराचा हॉल देतोय. एसी लावतो म्हणतात, पण धावायचं काय? आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, ते मे महिन्याच्या आपल्या चिकट हवेत कसं जमायचं, अंगावर तर दोन थरांचे केस. चपट्या नाकाच्या पगचं पण तेच, श्वासच पुरत नाही. बीगल दिसतो छोटा, पण तो वास काढत सशामागे धावायला तयार केलेला, आवाज अख्ख्या मजल्याला पुरतो.

फोटो बघून जात ठरवू नका, प्लीज. स्वतःचं टाइमटेबल लिहून काढा आणि ते पुढची बारा-पंधरा वर्षं निभेल का ते बघा.

आमची चिंगी गावठी आहे, घेतली तेव्हा तीन वर्षांची होती. सगळे म्हणाले पिल्लू घे, लळा लागतो. मला उलट वाटतं, नोकरीवाल्यांनी मोठंच कुत्रं घ्यावं, कारण त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. तिला खायला घालणाऱ्या काकूंनी सांगितलं होतं, शांत आहे, फटाक्यांना घाबरते, मांजर चालत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. सकाळी सहाला अर्धा तास, रात्री जेवल्यावर परत, दुपारी आई असते घरी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेत नाही, लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या आजाराची, लस दरवर्षी न चुकता, आल्यावर पंजे कोरडे करायचे. बस, एवढ्यात ती खूश असते.

रविवारी वर जाऊन बोलले त्या हस्कीवाल्यांशी. बाई रडायलाच लागली, म्हणाली आम्हाला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आता सोमवारपासून माझी आई त्याला दुपारी आमच्याकडे घेऊन येते. चिंगी पहिल्या दिवशी गुरगुरली, काल मात्र पंख्याखाली त्याच्या शेजारीच झोपली होती.