घोडबंदर रोडवर शांत जगण्याचा मार्ग

शांत, सावकाश जगायचं ठरवलंत ना? मग आधी ठाण्यात घर घ्या. ठाण्यात म्हणजे नौपाड्यात नव्हे. तिथे माणसं अजून खिडकीतून एकमेकांशी बोलतात, खाली भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात. तुमचं चित्त एकाग्र व्हायचं नाही. घर घोडबंदर रोडला घ्या. तिथल्या प्रत्येक टॉवरच्या जाहिरातीत पांढऱ्या कपड्यातली एक बाई बाल्कनीत डोळे मिटून उभी असते. हातात कॉफीचा मग, मागे येऊरचे डोंगर. (डोंगर पुढच्या फेजचं बांधकाम होईपर्यंत तुमचेच.) जाहिरातीत अंतर किलोमीटरमध्ये देत नाहीत, मिनिटांत देतात. स्टेशन म्हणे दहा मिनिटांवर. याला खोटं म्हणू नका. कोजागरीचं दूध पिऊन झालं की पहाटे साडेतीनला गाडी काढा आणि स्वतः खात्री करून घ्या.

ही शांतता वीस वर्षांच्या हप्त्यावर मिळते. हप्त्याला नोकरी लागते, आणि नोकरी बीकेसीत नाहीतर अंधेरीत असते. तेव्हा सकाळी बाल्कनीला कडी लावून निघायचं. शांतता कुठे पळून जात नाही. दिवसभर ती घरात एकटी असते, संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत झोपलेली असते.

आता प्रवास. कासारवडवलीहून निघालात की वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा. अडाणी लोक याला कोंडी म्हणतात, तुम्ही तो शब्द तोंडातून काढू नका. एका जागी बसा, हलू नका, फळाची अपेक्षा ठेवू नका, श्वासाकडे बघा: मोठमोठ्या शिबिरांत जे शिकवतात ते इथे रोज आपोआप घडतं. इथे तर श्वास डोळ्यांना दिसतोसुद्धा, पुढच्या डंपरची कृपा. मेट्रो ४ चे खांब जपमाळेच्या मण्यांसारखे एकेक करून मागे टाकत राहा. वडाळा ते कासारवडवली हा सुमारे ३२ किलोमीटरचा आणि ३२ स्थानकांचा मार्ग. एका आयुष्याला पुरेल एवढा जप त्यात आहे. संध्याकाळी परतीच्या बाजूला न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर तुमच्या साधनेत सामील होतात. आणि कधी बोरिवलीकडे जायचा योग आलाच, तर गायमुखच्या घाटात ‘अति घाई, संकटात नेई’ अशा पाट्यांवर मनन करायला भरपूर अवसर मिळतो. अशी पाटी वाचता वाचता गाडी पुढे सरकली, असं घाटात फारसं घडत नाही.

या साधनेवर एक संकट मात्र चालून येतंय, त्याची कल्पना असलेली बरी. नॅशनल पार्कच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा खणला जातोय. जवळपास १२ किलोमीटरचा मार्ग. तो झाला की दीड तासाचा प्रवास पंधरा मिनिटांवर येईल, असं सांगतात. म्हणजे रोजचे दोन-अडीच तास मोकळे. त्यांचं करायचं काय, हा विचार आत्तापासून करून ठेवा, नाहीतर ऑफिसवाले करतील.

गाडीपेक्षा लोकल बरी असं कोणी सुचवेल. जरूर जा. ठाणेकराला संथपणाचा वारसा आहे आणि त्याला रेल्वेचाच पुरावा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली, ती ठाण्यालाच आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, निघताना २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटरला तास-सव्वातास लागला. आज धिमी लोकल त्याच अंतराला तासभर घेते. पावणेदोनशे वर्षं होत आली, मधे गोरे गेले, कोळसा गेला, वाफ गेली. वेग आपण जपला. फरक एवढाच, की त्या ४०० जणांना बसायला जागा होती.

शांत जगणाऱ्याने अर्थातच फास्ट सोडून धिमी पकडावी. त्यासाठी स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरा, ठाण्याहूनच सुटणारी लोकल लागत असेल तर ती थांबायच्या आत उडी घ्या, कोपराने वाट काढा आणि खिडकी मिळवा. मग डोळे मिटा. समोर कोणी म्हातारे गृहस्थ उभे असतील तर विशेष घट्ट मिटा, ध्यान खोल लागतं.

परदेशात या विषयात फार काम झालंय. १९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्ड्स येऊ घातलं, तेव्हा विरोधाला उभ्या राहिलेल्या मंडळींत कार्लो पेट्रिनी होते. सावकाश रांधून सावकाश खाण्याची स्लो फूड चळवळ त्यातून वाढली. पुढे १९९९ मध्ये इटलीतल्या चार गावांनी संथ शहरांचा संघच काढला, चित्तास्लो. त्यांचं चिन्ह आहे पाठीवर गाव घेऊन चाललेली गोगलगाय. ते चिन्ह पाहून मला वाटलं, आपण अर्ज करायलाच हवा. माजिवडा नाका नुसता दाखवला तरी परीक्षक उठून उभे राहतील. पण त्यांची अट अशी, की गावची वस्ती ५० हजारांच्या आत हवी. २०११ च्या जनगणनेतच आपण १८ लाखांच्या वर होतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक टाउनशिपने स्वतंत्र अर्ज करावा. वेस आहे, तटबंदी आहे, वेशीवर पहारेकरी आहे, रोज भांडायला चावडीऐवजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी तेवढं टँकरने येतं, पण तरण तलाव काठोकाठ असतो. गाव म्हणायला आणखी काय लागतं?

सकाळच्या फेरफटक्याकडे वळू. चालायला येऊरला जा, नाहीतर उपवनला. चालत जाऊ नका. चालायला जायचं तर गाडी लागते, आणि गाडीला पार्किंग लागतं. उजाडल्यावर ते मिळत नाही, म्हणून अंधारातच निघा. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे बिबटे आहेत. बिबट्या दिवसाचा मोठा वेळ पडून काढतो, गरजेपुरतं खातो, कुणाला काही सांगत नाही; पण संथ जीवनशैलीवर व्याख्यान द्यायला त्याला अजून कोणी बोलावलेलं नाही. ते काम मनगटावरच्या घड्याळाकडे दिलेलं बरं. हृदयाचे ठोके किती, पावलं किती, रात्री गाढ झोप किती लागली, हे ते सांगतं. मन शांत झालंय असं वाटत असेल तर आधी घड्याळात बघून घ्या, उगाच स्वतःच्या भरवशावर राहू नका.

चढ चढताना समोरून बायका भरभर उतरताना दिसतील. येऊरच्या पाड्यांवरून कामाला निघालेल्या असतात. त्यांना वाट द्या. त्यांतली एखादी तुमच्याच मजल्यावर जाणार असेल आणि तिला उशीर झाला तर तुमची सकाळ नासेल.

कारण शांत सकाळीचा खरा पाया मावशी. त्यांना सातच्या ठोक्याला यायला सांगा. सव्वासात झाले की प्राणायामाची वेळ आणि बेलची वेळ एकच होते, मग रेचकाच्या जागी कपाळावर आठ्या येतात. मावशींना अजून चार घरं असतात, हे चांगलंच आहे. त्या आपसूकच झपाझप आवरतात. फक्त भांडी वाजली तर खोलीतूनच, आवाज अजिबात न चढवता म्हणायचं, ‘मावशी, जरा हळू.’ हळू म्हणजे आवाज न करता. वेळ वाढवून नव्हे, हा फरक एकदा समजावून सांगा. त्यांनी चार दिवस गावी जायचं म्हटलं, तर कारण विचारा, परत कधी येणार विचारा, बदली कोण देणार विचारा. स्वतःच्या रजेच्या अर्जावर मात्र ‘वेलनेस’ एवढंच लिहा.

जेवणही सावकाशच झालं पाहिजे. पाकिटातलं सगळं बंद. घरची भाजणी, घरचं लोणी, दगडी पाट्यावरची चटणी. भाजणी खमंग व्हायची तर प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजावं लागतं आणि तेवढा वेळ कुणीतरी शेगडीजवळ उभं राहावं लागतं. त्या कुणीतरीची सोय आधी करा. आई असेल तर उत्तम. तिला म्हणा, ‘आई, जुनी चव काही औरच होती गं.’ गुडघे दुखत असले तरी ती दुपारभर उभी राहील. मग थालीपीठ पानात आलं, की प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा आणि आपण पूर्वजांशी जोडले गेलोय असं अनुभवा. आई नंतर जेवेल.

मधेच लक्षात आलं की कॅमोमाइलचा चहा संपलाय, तर घाबरून जाऊ नका. दहा मिनिटांत येतो. फोनवर नकाशा उघडा, त्यावर एक छोटी दुचाकी सरकताना दिसेल. ती मानपाड्याच्या सिग्नलला थांबली की जीव थोडा कासावीस होतो, हे नैसर्गिक आहे. अशा वेळी लक्ष पुन्हा श्वासावर आणा, आणि तरीही सरकली नाही तर त्या मुलाला फोन लावा. तो हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलेल. पाऊस असेल तर नीट ऐकू येणार नाही. गेटवर त्याची नोंद होईल, मोबाइलवर परवानगी मागितली जाईल, आणि मग त्याला सर्व्हिस लिफ्टने वर पाठवतील. सर्व्हिस लिफ्ट हळू चालते. दिवसात तेवढाच त्याला निवांतपणा मिळतो, त्यात आपण ढवळाढवळ करू नये. दारात तो आला की हसून म्हणायचं, ‘अरे, एवढी काय घाई? सावकाश चालवत जा.’ नंतर दार लावून तारे द्यायचे. दोन मिनिटं उशीर झाला असेल तर चारच द्या.

एवढं सगळं करूनही मन थाऱ्यावर येत नसेल, तर इगतपुरी गाठा. धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, फोन जमा, नऊ दिवस मौन, आणि शुल्क काही नाही. ज्याला मनापासून करायचंय त्याला त्याचा उपयोग होतो, हे मी आडून काही सुचवण्यासाठी म्हणत नाही. प्रश्न तुमचा आहे. तुम्ही जाताना ऑफिसचं काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे सोपवा. ती बदलापूरहून येते, उशिरापर्यंत बसायची तिला सवय आहे. घरी नेमकी मुलाची परीक्षा असेल, वडिलांच्या मोतीबिंदूची तारीख असेल, सोसायटीत पाण्याची बोंब असेल, तर शिबिरासाठी तोच काळ निवडावा. बायकोचा फोन घेता येणार नाही या जाणिवेतच निम्मी शांती आहे. परत आलात की नऊ दिवसांत न बोललेलं सगळं गच्चीवर शेजाऱ्यांना धरून बोलून टाका. लिफ्टमध्ये भेटले तर लिफ्टमध्ये.

शनिवार-रविवारचं फार मनावर घेऊ नका. तलावपाळीला एक चक्कर मारा, मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसा, एका हातात कुल्फी धरून दुसऱ्याने मुलाला ओढा. तिथे बरीच माणसं काहीही न ठरवता, काहीही न शिकता, तासन् तास बसलेली असतात. त्यांच्याकडून काही घेण्यासारखं नाही, त्यांनी कुठलाही कोर्स केलेला नाही.

शेवटी एक पथ्य, जे मोडल्यामुळे चांगल्या चांगल्यांची साधना धुळीला मिळालेली पाहिली आहे. एका घरात शांत माणूस एकच असावा. दोघं सावकाश झाले, की दूध उतू जातं, स्कूलबस चुकते, गॅसचा नंबर लावायचा राहतो आणि तुमचे कपडे दोरीवरच भिजतात. दिवस कुणीतरी ढकलावा लागतो, तेव्हा कुठे दुसऱ्याला त्यावर रेलून बसता येतं. त्यामुळे तुम्ही ध्यानातून उठून आलात, चेहऱ्यावर तेज वगैरे आहे, आणि ओट्याजवळून सौ. म्हणाली, ‘मीही म्हणते, उद्यापासून जरा उशिरा उठावं, पहिला चहा बाल्कनीत बसून घ्यावा,’ तर दचकू नका. विरोध तर मुळीच करू नका. शांत माणूस कधी नाही म्हणत नसतो. तिच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, ‘अगं, खुशाल ऊठ की उशिरा. फक्त कणीक आज रात्रीच मळून ठेव, आणि सातला मावशींना दार कोण उघडणार, तेवढं बघ.’