हरणाला मॅग्नम कशाला लागते राव?

"हरणाला .३०० विन मॅगच घ्या, गोळी कुठेही लागू दे, जनावर जागेवर बसतं." (.३०० विन मॅग म्हणजे .३०० विंचेस्टर मॅग्नम, नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेलं रायफलचं काडतूस.) हे वाक्य इकडे अमेरिकेत इतकं फिरलंय की नवीन हंटिंग लायसन्स काढलेला प्रत्येक जण मला तेच ऐकवतो. मी पेनसिल्व्हेनियात असतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी नारिंगी जॅकेट घालून झाडाखाली कुडकुडत बसणाऱ्यांपैकी, म्हणून बोलतोय. (भारतात १९७२ च्या कायद्याने हा विषयच मिटलाय, तेव्हा हे सगळं इकडचंच समजा.)

तर पहिलं, "कुठेही लागू दे". अहो नाही ना. पोटात लागलेलं हरीण मॅग्नमनेसुद्धा पळतं आणि मग रात्री टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत बसा. हरीण मरतं ते फुप्फुस-हृदय फाटून रक्त गेल्यामुळे, आणि अगदी हृदयात बसली तरी ते पन्नास-साठ यार्ड धावू शकतं, त्यात काडतुसाचा काही दोष नाही. जागेवर बसतं ते मेंदूला किंवा मणक्याला लागलं तर, आणि तिथे .२४३ सारखं छोटं काडतूस पण तेच काम करतं.

मग म्हणतात एनर्जी, म्हणजे गोळीचा जोर, बघा. बघूया की. .३०-३० म्हणजे १८९५ चं काडतूस, १५० ग्रेनची (साधारण दहा ग्रॅमची) गोळी, नळीतून निघताना साधारण १९०० फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप). नेहमीच्या, बिनमॅग्नम .३०८ चे २६५० च्या आसपास आणि .३०० विन मॅग १८० ग्रेनला ३५०० च्या घरात. आता व्हाइटटेलचा, म्हणजे इकडच्या नेहमीच्या हरणाचा, मोठा नर धरा ऐंशी-नव्वद किलो, म्हणजे आपल्यातला एखादा खाऊन-पिऊन सुखी माणूस. त्याला १९०० वाली सव्वाशे वर्षं पाडतेय, उरलेल्या १६०० चं करायचं काय? जिम कॉर्बेटकडची .२७५ रिग्बी रायफल म्हणजे मूळचं ७ बाय ५७ माउझर काडतूस, मॅग्नम नव्हेच, आणि तिने नरभक्षक बिबट्या लोळवला.

"लांबचा शॉट सपाट जातो" हे खरंय, पण किती? दोन्ही रायफली २०० यार्डला नेम बरोबर बसेल अशा सेट केल्या तर ३०० यार्डला .३०८ ची गोळी नऊएक इंच खाली येते, विन मॅगची सातएक. दोन इंचांचा फरक. आमच्या जंगलात तर शंभर यार्डापलीकडे झाडं सोडून काही दिसत नाही! वायोमिंगला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या भल्यामोठ्या हरणाच्या, मागे जाणार असाल, उघडं माळरान, वारा, चारशे यार्ड, तर घ्या बापडे, तिथे मी वाद घालणार नाही.

मॅग्नम काडतुसाच्या बुडाला पट्टा असतो म्हणून ते मजबूत, हे पण ऐकलंय. तो पट्टा चेंबरमध्ये काडतूस नेमक्या जागी अडायला असतो, ताकदीशी संबंध नाही.

आता खरा मुद्दा, "धक्क्याची सवय होते". धक्का म्हणजे गोळी सुटताना रायफल खांद्यावर मारते तो. आठ पौंडांच्या रायफलमध्ये .३०८ चा धक्का सतरा-अठरा फूट-पाउंड, विन मॅगचा पंचवीसच्या वर. माझ्या एका मित्राने हौसेने घेतली, पहिल्याच दिवशी स्कोप (रायफलवरची दुर्बीण) भुवईवर आदळून रक्त, तरी म्हणे होईल सवय. मी रेंजवर त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक डमी राउंड, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, घातला. चाप ओढला, नुसतं "टक्", आणि नळी चांगली चार बोटं खाली गेली, डोळे मिटलेले, खांदा आखडलेला. म्हणजे आवाज व्हायच्या आधीच नेम गेलेला होता, आणि हरणाच्या छातीत मारायची जागा जेमतेम आठ इंच, जेवणाच्या ताटाएवढीसुद्धा नाही. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचं, वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण) लावला की धक्का कमी होतो, बरोबर, पण आवाज वाढतो, शेजारच्याच्या कानांचं काय ते त्यालाच विचारा.

आणि मटण! साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं असलेली) गोळी मॅग्नमच्या वेगाने जवळून हाडावर बसली की फुटते, पुढचा अख्खा खांदा रक्ताळून जातो, कापून टाकून द्यावा लागतो. मित्राने पहिल्या सीझनला असं जवळजवळ पाच किलो टाकलं, बायकोने सुक्क्याचा मसाला आधीच वाटून ठेवला होता, तो मग कोंबडीला वापरला. आता तो माझी जुनी .३०८ उसनी नेतो. दोन सीझन झाले, परत द्यायचं नाव नाही.