तीनशे पिशव्या, तीनशे छत्र्या

गुरुवारी नाना ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर शर्टाला क्लबची पिन लावूनच येतात, कारण ते थेट क्लबच्या मीटिंगमधून आलेले असतात. त्यांचा क्लब ना रोटरी, ना लायन्स. एकाची घंटा उचलली, दुसऱ्याचा दंड वसूल करणारा 'टेल ट्विस्टर' उचलला, आणि जेवणाचा मेनू तेवढा स्वतःचा.

"ठरलं! सहा जुलै, रविवार. महारक्तदान शिबिर. तीनशे पिशव्या."

"चर्चा किती वेळ झाली?" शुभाताईंनी विचारलं. शुभाताई रक्तपेढीतून टेक्निशियन म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्यासमोर 'महा' जपून वापरावं.

"सगळं शिस्तीत झालं. सातला घंटा, राष्ट्रगीत, वाढदिवस, सेक्रेटरीचा अहवाल, मग पिन विसरलेल्यांना पन्नास रुपये दंड, पाहुण्यांचं भाषण..."

"आणि शिबिर?"

"ते आठ पन्नासला घेतलं. जेवण लागलं होतं ना."

बाळ्या हसला. नाना त्याच्यावर घसरले, "तू हसू नकोस. तुझ्या मंडळाच्या शिबिरात दाते तासभर ताटकळले होते, नगरसेवक दिवा लावायला येईपर्यंत!" हे जुनं आहे आणि दर पावसाळ्यात निघतं.

"खाटा किती?" शुभाताई.

"दहा. नऊ ते तीन."

"एका खाटेवर तासाला तीन माणसं. सुई पाच-दहा मिनिटांचीच असते, पण झोपवणं, शीर शोधणं, नंतर दाबून धरणं, पडून राहणं आलंच. दहा खाटा, सहा तास, एकशे ऐंशी. उरलेले एकशेवीस तुम्ही कुठे झोपवणार, स्टेजवर?"

"जरा भरभर घेतलं तर..."

"भरभर घेतलं की माणूस उठतो आणि जिन्यात पडतो. चहा-बिस्किटाचं टेबल आदरातिथ्यासाठी नसतं हो. पंधरा मिनिटं माणूस डोळ्यांसमोर बसावा म्हणून असतं. आणि त्या दिवशी आषाढी आहे."

नानांनी हा विचार केला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण माजी अध्यक्ष माघार घेत नाहीत. "मग साबुदाण्याची खिचडी ठेवू, नंतर!"

"नंतर नाही, आधी! चार तासांच्या आत पोटात काहीतरी गेलेलं हवं, वर दोन ग्लास पाणी. निर्जळी करणाऱ्याला गेटवरूनच नमस्कार करून परत पाठवा."

मग त्यांनी मोरचुदाच्या पाण्याचा विषय काढला. बोटातल्या रक्ताचा थेंब त्या निळ्या पाण्यात पंधरा सेकंदांच्या आत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगत राहिला तर दात्याला घरी पाठवायचं. आपल्याकडे बायकांचे थेंब फार तरंगतात. वजन पंचेचाळीसच्या वर असेल तर साडेतीनशे मिली, पंचावन्नच्या वर असेल तर साडेचारशे. नाना हे वहीत लिहून घेत होते. मीटिंगच्या इतिवृत्तात एवढं कधी आलं नसावं.

"पण खरी मेख वेगळीच आहे," शुभाताई म्हणाल्या. "लाल पेशी फ्रीजमध्ये पस्तीस दिवस टिकतात, पिशवीत टिकवण्याचं मिश्रण चांगलं असेल तर बेचाळीस. प्लेटलेट पाच दिवस. सहाला काढलेल्या प्लेटलेट अकराला बाद. ठाण्यात डेंग्यू कधी फुगतो? ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि पुरुषाला नव्वद दिवस, बाईला एकशेवीस दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे तुमचे सगळे पुरुष दाते चार ऑक्टोबरपर्यंत बाद, बायका त्याच्याही पुढे. तीनशे पिशव्या नाही काढत तुम्ही, तीनशे माणसं खर्च करताय."

कट्टा गप्प झाला. (मी शुभाताईंच्या बाजूचा आहे, लपवण्यात अर्थ नाही.)

"मग काय करायचं?" नाना.

"चाळीस-चाळीसची शिबिरं घ्या. तारीख रक्तपेढीला विचारा, गुरुजींना नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद आणि निम्मं ठाणं गावी, तेव्हा एक. दिवाळीच्या सुट्टीत एक. दोन डेंग्यूच्या दिवसांत. आणि पिशव्या बर्फावर ठेवू नका. प्लेटलेट काढायच्या असतील तर वीस ते चोवीस डिग्री लागतात, गारठल्या की गेल्या. सहा तासांत पेढीत पोचवा. घोडबंदरला गाडी अडकली तर ते तासही तुमच्याच खात्यात."

"आणि दात्यांना भेट?" बाळ्यानं मुद्दाम विचारलं.

"छत्री!" नाना खुलले. "क्लबचं नाव, 'रक्तदाता', तारीख. तीनशे छापून आल्या पण."

"छत्रीसाठी माणूस फॉर्मवर कावीळ लपवतो, नाना. आपण कावीळ बी, सी, एचआयव्ही, गुप्तरोग, मलेरिया, पाचही तपासतो. पण लागण अगदी ताजी असेल तर तपासणीला सापडेलच असं नाही. तिथे माणसाचं खरं बोलणंच काय ते कामाला येतं. तुम्ही त्याची किंमत एक छत्री ठरवलीत."

"बाळ्या तरी देईल," नाना पुटपुटले.

"मी? मार्चमध्ये टॅटू केलाय. बारा महिने बंद. तुम्हीच द्या की."

नाना अडुसष्ट. वयोमर्यादा पासष्ट. आख्खा कट्टा फुटला.

त्यातच पाऊस आला, तलावावरून तिरका. नानांनी पिशवीतून नमुन्याची छत्री काढली. शुभाताईंनी शांतपणे ती हातातून घेतली. "मी सहासष्टची. रक्त चालत नाही, छत्री चालते."

पहिल्याच झोतात छत्री उलटी झाली. 'रक्तदाता' आतल्या बाजूला गेलं, 'सहा जुलै' तेवढं बाहेर राहिलं.

"दंड!" बाळ्या ओरडला. "पन्नास रुपये! उलटी पिन!"